बालकांचे दात आणि जिल्ह्याचे रुग्णालय

(अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांच्यासाठी तयार केलेल्या भाषणाचा मजकूर)



आरोग्याच्या प्रश्नांची यादी करावयास बसले, की दातांची आठवण सर्वांत शेवटी होते. आणि लहान मुलांच्या दातांची तर बहुधा होतच नाही. चंद्रपूर आणि गडचिरोली या वनव्याप्त जिल्ह्यांत हे अधिकच स्वाभाविक वाटते. हिवताप, कुपोषण, सिकलसेल, सर्पदंश असे शत्रू दाराशी उभे असताना, आज ना उद्या पडूनच जाणाऱ्या दुधाच्या दातांची चिंता कोणी वाहावी ?

परंतु हाच प्रश्न दुखणे सोसणाऱ्या मुलाच्या बाजूने पाहिला, म्हणजे त्याचे स्वरूप बदलते. ज्याची दाढ ठणकते ते मूल नीट चावत नाही, रात्री झोपत नाही आणि दिवसा वर्गात लक्ष देऊ शकत नाही. ज्याचे वजन आधीच कमी आहे, त्याच्या बाबतीत प्रत्येक सुटलेला घास मोलाचा असतो. चणे आहेत तर दात नाहीत, ही म्हण आपण म्हाताऱ्या माणसांविषयी वापरतो. पण अंगणवाडीचा आहार पुढ्यात असताना किडक्या दाढेमुळे तो चावता न येणाऱ्या चार वर्षांच्या बालकालाही ती तंतोतंत लागू पडते.

हा आजार विरळाही नाही. भारतीय दंत परिषदेने २००२-०३ मध्ये केलेल्या राष्ट्रीय पाहणीत ५ वर्षे वयाच्या ५१.९ टक्के, १२ वर्षे वयाच्या ५३.८ टक्के आणि १५ वर्षे वयाच्या ६३.१ टक्के मुलांच्या दातांना कीड आढळली होती. याचा अर्थ असा, की तीस मुलांच्या वर्गात निम्म्या मुलांच्या तोंडात हा आजार असणे ही नवलाची गोष्ट नव्हे.

दुधाच्या दातांविषयीचा गैरसमज

दुधाचे दात एकूण २० असतात. पहिला दात साधारणपणे सहाव्या महिन्याच्या सुमारास दिसतो आणि अडीच ते तीन वर्षांच्या वयापर्यंत सर्व दात येतात. त्यांतील मागच्या दाढा अकरा-बारा वर्षांपर्यंत मुलाला साथ देतात. म्हणजे ज्या दाढेला आपण तात्पुरती समजतो, ती आठ-नऊ वर्षे सेवा करणारी असते. दुधाच्या दातावरील कठीण आवरण पातळ असल्यामुळे कीड लवकर आतल्या मज्जेपर्यंत पोचते. मग गळू होते, गाल सुजतो, ताप येतो. खालच्या दाढेचा संसर्ग जबड्याखाली आणि मानेकडे पसरला, तर श्वासाचा मार्ग अडून जिवावरही बेतू शकते. दाढ अकाली काढावी लागली तर शेजारचे दात त्या जागेकडे सरकतात आणि पक्क्या दातांना जागा उरत नाही.

शिक्षकांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दाढांच्या मागे एक नवी दाढ येते. तिच्यासाठी कोणताही दात पडत नाही, म्हणून पालक तिलाही दुधाचीच समजतात आणि ती किडली तरी दुर्लक्ष करतात. वस्तुतः ती जन्मभराची दाढ असते. पहिलीच्या वर्गात एवढी एकच माहिती प्रत्येक पालकापर्यंत पोचली, तरी पुष्कळ नुकसान टळेल.

खुर्चीपुरती विद्या अपुरी

दंतवैद्यकाच्या खुर्चीत मोठा माणूस समजून उमजून तोंड उघडतो. तीन वर्षांचे घाबरलेले मूल तसे करीत नाही. गोड बोलून, साधने दाखवून, थोडे थोडे काम करून त्याचा विश्वास मिळविणे ही बालदंतवैद्यकाची पहिली विद्या आहे. परंतु आठ-दहा दात किडलेले, जागोजागी पू झालेला आणि मूल अगदीच लहान, अशी स्थिती असेल, तर संपूर्ण भूल देऊन शस्त्रक्रियागृहात एकाच बैठकीत सर्व दातांवर उपचार करावे लागतात. तेथे भूलतज्ज्ञ हवा, बालरोगतज्ज्ञ हवा, प्राणवायू व परिचारिका हव्यात. थोडक्यात, तेथे रुग्णालय हवे.

काही मुलांच्या बाबतीत तर साधी दाढ काढणे हेही रुग्णालयाचेच काम ठरते. हृदयाचा जन्मजात दोष असलेल्या मुलाच्या रक्तात दात काढताना जंतू शिरले, तर ते हृदयाच्या अस्तराला संसर्ग करू शकतात. रक्त न गोठण्याचा आजार असेल, तर रक्तस्राव थांबत नाही. विदर्भाच्या या भागात सिकलसेलचे रुग्ण मोठ्या संख्येने आहेत. अशा मुलाला दातातील जंतुसंसर्ग, शरीरातील पाण्याचा अंश कमी होणे, थंडी किंवा भूल देताना प्राणवायूची कमतरता, यांपैकी कशानेही तीव्र वेदनांचा झटका येऊ शकतो. या मुलांना हात लावण्यापूर्वी काय तपासावे, कोणाला विचारावे आणि केव्हा थांबावे, हे पुस्तकातून कळते. पण अंगवळणी पडते ते रुग्णशय्येजवळच.

'निवासी' या शब्दाचा अर्थ

म्हणूनच या शाखेचे शिक्षण निवासी पद्धतीने दिले जाते. 'निवासी डॉक्टर' हा शब्द आज इतका रुळला आहे, की त्याचा मूळ अर्थ विसरला जातो. अमेरिकेतील बाल्टिमोर येथे १८८९ मध्ये जॉन्स हॉपकिन्स रुग्णालय सुरू झाले. तेथे विल्यम ऑस्लर प्रभृतींनी ही पद्धत रुजविली. पदवी घेतलेला तरुण डॉक्टर रुग्णालयातच राही, रात्रंदिवस रुग्णाजवळ असे आणि वरिष्ठांच्या देखरेखीखाली क्रमाक्रमाने जबाबदारी घेई. मुलांच्या दातांसाठी स्वतंत्र मोठ्या संस्थाही विसाव्या शतकाच्या आरंभीच निघाल्या. बोस्टन येथील फोर्साइथ संस्था १९१४ मध्ये आणि रॉचेस्टर येथील ईस्टमन संस्था १९१७ मध्ये सुरू झाली. आज अमेरिकेत बालदंतवैद्यकाचे निवासी प्रशिक्षण किमान २४ महिन्यांचे असते आणि त्यात भूलशास्त्र विभागातील किमान चार आठवड्यांचे काम अनिवार्य असते. दातांचा डॉक्टर भूलतज्ज्ञाच्या शेजारी उभा राहून मुलाचा श्वास आणि नाडी सांभाळावयास शिकतो, हे त्यामागील मर्म होय.

आपल्या देशात दंतवैद्यक कायदा १९४८ मध्ये झाला. बालदंतशास्त्रातील एम.डी.एस. ही पदव्युत्तर पदवी तीन वर्षांची आहे. विदर्भात नागपूरचे शासकीय दंत महाविद्यालय व रुग्णालय १९६८ पासून कार्यरत आहे आणि वर्ध्याजवळ सावंगी येथेही दंत महाविद्यालय आहे. ज्ञानाची ही केंद्रे फार दूर नाहीत. परंतु नकाशावरील अंतर आणि मुलाला कडेवर घेऊन कापावयाचे अंतर यांत फरक असतो.

अंतराचे गणित

२६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला. त्याचे क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किलोमीटर असून २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या १०,७२,९४२ होती. म्हणजे एका चौरस किलोमीटरात सरासरी ७४ माणसे. भामरागड किंवा सिरोंचा येथून जिल्ह्याच्या मुख्यालयी येण्यासच दीडशे किलोमीटरांहून अधिक प्रवास करावा लागतो. नागपूर त्याच्याही पुढे. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला, की भामरागडचा मार्ग तुटतो. मजुरीचे दिवस बुडवून, घरची इतर मुले शेजाऱ्यांवर सोपवून, दुधाच्या दाढेसाठी नागपूर गाठणारे पालक किती निघणार ? बहुतेक मुले दुखणे सहन करतात, आणि दाढ पडली की दुखणे संपले असे समजले जाते.

मूल नागपूरपर्यंत पोचत नसेल, तर नागपूरच्या प्रशिक्षणाचा काही भाग मुलापर्यंत आणता येईल काय, हा या विषयाचा गाभा आहे.

जंगलाने शिकविलेला धडा

या मातीत अशा विचाराला पूर्वपीठिका आहे. २३ डिसेंबर १९७३ रोजी बाबा आमटे यांनी भामरागड तालुक्यात हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्पाचा आरंभ केला. डॉ. प्रकाश आमटे आणि भूलशास्त्राचे शिक्षण घेतलेल्या डॉ. मंदाकिनी आमटे यांनी तेथे दवाखाना उभा केला. शहरात ज्या रुग्णांची वाटणी निरनिराळ्या तज्ज्ञांकडे होते, ते सारे तेथे एकाच दारी आले. २००८ मध्ये या दाम्पत्यास मॅगसेसे पुरस्कार मिळाला. रुग्णांमध्ये वास्तव्य हेच वैद्यकाचे सर्वांत मोठे विद्यापीठ, ही गोष्ट हेमलकशाने दाखवून दिली.

दुसरे उदाहरण डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेचे. १९८६ मध्ये गडचिरोलीत त्यांनी काम आरंभिले. शोधग्राम येथील त्यांचा दवाखाना 'माँ दंतेश्वरी' या नावाने ओळखला जातो. जेथे सतीचा दात पडला असे सांगतात, त्या दंतेवाड्याची ही देवता. लोकांना आपली वाटेल अशी आरोग्यसेवा असावी, ही दृष्टी त्या नावातही दिसते. या संस्थेने गावातील स्त्रियांना नवजात बालकांच्या घरगुती देखभालीचे शिक्षण दिले. ३९ गावांतील या प्रयोगात नवजात बालकांचे मृत्यू तुलनेने ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले, आणि २०११ पासून भारत सरकारने आशा कार्यकर्तींमार्फत ही पद्धत देशभर स्वीकारली. योग्य शिक्षण योग्य ठिकाणी दिले तर त्याचे फळ दूरवर पोचते, याचा हा पुरावा आहे.

तीन महिन्यांचा नियम

वैद्यकीय शिक्षणात याच दिशेने एक महत्त्वाचे पाऊल पडले आहे. सप्टेंबर २०२० मध्ये अधिसूचित झालेल्या नियमांनुसार एम.डी. व एम.एस.च्या विद्यार्थ्यांनी आपल्या तीन वर्षांपैकी तीन महिने जिल्हा रुग्णालयात काढणे बंधनकारक झाले. याला जिल्हा निवासी कार्यक्रम म्हणतात. तथापि, हा नियम वैद्यकीय पदव्यांसाठी आहे, दंतशास्त्रातील एम.डी.एस. ही पदवी त्याच्या कक्षेत येत नाही. २०२३ मध्ये राष्ट्रीय दंत आयोगाचा कायदा संमत झाला. दंतशिक्षणाची नवी घडी बसत असताना बालदंतवैद्यकाच्या विद्यार्थ्यांसाठीही असाच काळ राखून ठेवण्याचा विचार अस्थानी ठरणार नाही.

त्यासाठी आवश्यक असलेला पाया आता या जिल्ह्यांतच तयार होत आहे. चंद्रपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०१५ मध्ये सुरू झाले. ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्यातील ज्या दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले, त्यांत गडचिरोलीचाही समावेश होता. वैद्यकीय महाविद्यालय म्हणजे बालरोग, भूलशास्त्र व शल्यशास्त्र हे विभाग एका छताखाली येणे. आणि बालदंतवैद्यकाला नेमकी हीच सोबत हवी असते.

येथेच काय शिकता येईल ?

या जिल्ह्यांत येणारा निवासी विद्यार्थी केवळ सेवा देईल असे नाही; शहरात सहजी न मिळणारे शिक्षण त्याला येथे मिळेल.

पहिला धडा पाण्याचा. चंद्रपूर जिल्ह्यातील काही गावांच्या भूजलात फ्लोराइडचे प्रमाण अधिक आहे. पक्के दात जबड्यात घडत असताना, म्हणजे साधारण आठ वर्षांच्या वयापर्यंत, असे पाणी पोटात गेले तर दातांवर पांढरे, पिवळे वा तपकिरी डाग कायमचे उमटतात. लिटरमागे १.५ मिलिग्रॅम ही भारतीय मानकाची कमाल मर्यादा आहे. गंमत अशी, की हेच फ्लोराइड योग्य मात्रेत दातावर बाहेरून लावले, तर ते कीड रोखते. म्हणून येथील दंतवैद्याने औषध लिहिण्यापूर्वी मूल कोणत्या विंधन विहिरीचे पाणी पिते, हे विचारले पाहिजे.

दुसरा धडा तंबाखूचा. सुपारी, तंबाखू व चुना घोटून केलेला खर्रा आणि दात घासण्याच्या निमित्ताने वापरला जाणारा गुडाखू यांची ओळख मुलांना कोवळ्या वयातच होते. खर्ऱ्यामुळे तोंडाचे अस्तर ताठर बनते, तोंड उघडेनासे होते आणि पुढे कर्करोगाचा धोका उभा राहतो. गडचिरोलीत २०१६ पासून 'मुक्तिपथ' अभियान दारू व तंबाखूविरुद्ध काम करीत आहे. दंतवैद्याला या कामाचा दुवा होता येईल. कारण तोंडातील पहिला पालट त्यालाच दिसतो.

तिसरा धडा साध्या साधनांचा. १९८० च्या दशकाच्या मध्यास टांझानियात एक पद्धत विकसित झाली. त्यात विजेच्या यंत्राविना, हातातील साधनांनी किडलेला भाग खरवडून तेथे ग्लास आयोनोमर हे सिमेंट भरले जाते. कीड थांबविणारे सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड हे द्रावणही असेच उपयुक्त आहे. त्याने किडलेला भाग काळा पडतो, हे मात्र पालकांना आधी सांगावे लागते. ही दोन्ही द्रव्ये जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतली. आश्रमशाळेच्या व्हरांड्यातही हे उपचार करता येतात. कोणते मूल व्हरांड्यात बरे होईल आणि कोणत्या मुलाला शस्त्रक्रियागृहातच न्यावे लागेल, ही निवड करता येणे हेच खरे तज्ज्ञपण.

चौथा धडा भाषेचा. माडिया, गोंडी, तेलुगू, बंगाली, छत्तीसगढी अशा अनेक बोली या जंगलात नांदतात. 'कोठे दुखते ?' एवढा प्रश्न मुलाच्या बोलीत विचारता आला, की निम्मी भीती ओसरते.

सेवा आणि सराव यांतील सीमारेषा

येथे एक इशारा देणे अगत्याचे आहे. दुर्गम भागातील गरीब मूल म्हणजे शिकाऊ हातांच्या सरावाचे साहित्य नव्हे. निवासी विद्यार्थी येईल तेव्हा त्याच्यासोबत अनुभवी शिक्षक असला पाहिजे. पालकांची संमती त्यांना समजणाऱ्या भाषेत घेतली गेली पाहिजे. सांभाळता येईल अशी दाढ केवळ सोयीसाठी काढली जाऊ नये. आणि एक विद्यार्थी परत गेला म्हणजे त्याने सुरू केलेले उपचार अर्धवट राहू नयेत. पुढे येणाऱ्याला मुलाची नोंद हाती मिळाली पाहिजे. स्थानिक दंतवैद्यकाचे पद रिकामे ठेवून पाळीपाळीने येणाऱ्या विद्यार्थ्यांवर भिस्त ठेवणे हाही उपाय नव्हे. विद्यार्थी हा कायम सेवेला जोड असावा, तिचा पर्याय नव्हे.

तद्वतच दंतखुर्ची, हवेचा दाब देणारे यंत्र, साधने निर्जंतुक करण्याची सोय व अखंड वीज यांची तजवीज आधी हवी. खुर्ची आली पण दुरुस्ती करणारा नाही, अशी स्थिती असेल तर नामवंत तज्ज्ञही निरुपाय होतो. राहण्यास निवारा आणि संध्याकाळी बोलण्यास चार सहकारी असतील, तर तीन महिन्यांसाठी आलेला एखादा तरुण पुढे तीस वर्षे राहील, अशीही आशा बाळगता येते.

आपला वाटा

धोरण ठरेल तेव्हा ठरेल. परंतु काही कामे आजच हाती घेता येण्यासारखी आहेत. फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते आणि तपासावयाच्या आजारांत दातांच्या आजारांचाही अंतर्भाव आहे. हे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येते. शिक्षकांनी त्या दिवशी मुलांचे तोंड पाहिले जाईल याची दक्षता घ्यावी, आणि ज्यांना पुढे पाठविण्यास सांगितले ती मुले खरोखर रुग्णालयात पोचली काय, याची नोंद ठेवावी. यादीत नाव लागणे म्हणजे उपचार होणे नव्हे.

पंचायत सदस्यांनी गावातील प्रत्येक विंधन विहिरीच्या पाण्याचा तपासणी अहवाल मागवावा आणि फ्लोराइड अधिक असलेल्या विहिरीचे पाणी मुलांच्या पिण्यात येऊ नये याची व्यवस्था करावी. शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखूची विक्री करण्यास २००३ च्या कायद्याने बंदी आहे. तिची अंमलबजावणी गावाच्या निश्चयावर अवलंबून असते. अधिकाऱ्यांनी रुग्णालयातील दंतविभाग, बालरोग विभाग व भूलतज्ज्ञ यांचा महिन्यातून एखादा दिवस एकत्र राखून ठेवला, तर भूल देऊन करावयाच्या उपचारांचा आरंभ होऊ शकेल. ज्या रुग्णालयात असे काम नियमित चालते, तेथेच विद्यार्थ्यांना पाठविणे विद्यापीठालाही सयुक्तिक वाटेल.

मुलाच्या दाताचा प्रश्न दिसावयास लहान आहे. पण तो सोडविण्यासाठी शाळा, ग्रामपंचायत, रुग्णालय आणि महाविद्यालय या चौघांनी एकत्र यावे लागते. पर्लकोटेच्या पलीकडील मुलाची दाढ दुखू लागली, तर त्याला घेऊन कोठे जावयाचे हे त्याच्या आईला ठाऊक असावे, आणि ती जेथे पोचेल तेथे जाणता हात हजर असावा. एवढे साधले म्हणजे जिल्ह्याचे रुग्णालय खऱ्या अर्थाने जिल्ह्याचे झाले, असे म्हणता येईल.